तांब्याची एक लाईन

आजच्या या सेवापूर्ती समारंभाच्या अध्यक्षा, नांदेड विभागाच्या अभियंता माननीय भार्गवी देशपांडे मॅडम. एकेकाळी लातूरच्या टेलिफोन एक्स्चेंजचा सगळा कारभार ज्यांच्या शब्दावर चालायचा ते व्यासपीठावरचे आदरणीय दत्तोपंत काका. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो ते सत्कारमूर्ती श्री. बजरंग बिराजदार, त्यांच्या शेजारी हार, शाल आणि नारळ एकाच वेळी सांभाळत बसलेल्या सौ. केवळाबाई वहिनी, खात्यातले सर्व अधिकारी-कर्मचारी, लातूर, देगलूर, भोकरहून एवढ्या उन्हातान्हात आलेले पाहुणे आणि माझ्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख फार थोर करून दिली. लातूरच्या शैक्षणिक वैभवाचे शिल्पकार वगैरे. अहो, मी श्रीमंत नळेगावकर, फिजिक्सचा मास्तर. पंचाण्णव साली पत्र्याच्या शेडमध्ये अठरा मुलांवर क्लास काढला, नशिबानं तो वाढला, त्याची इमारत झाली, हॉस्टेल झालं, आणि आता दरवर्षी तीन-चार हजार मुलं डॉक्टर-इंजिनियर व्हायला येतात. एवढंच. शिल्पकार म्हटलं की मला अलीकडे खाली बघावंसं वाटतं. का, ते सांगायलाच आज उभा आहे.

माझ्या खिशात एक लिहिलेलं भाषण आहे. आमच्याकडच्या मराठीच्या मॅडमनी लिहून दिलंय. त्यात गोदामाई आहे, दीपस्तंभ आहे, चंदनाचं झिजणंही आहे. भाषण झकास आहे, त्यांना मी तसं सांगितलंही. पण ते मी वाचणार नाही. आयोजकांनी घाबरू नये, चहा-फराळाला उशीर होणार नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बजरंगरावांच्या, रोजंदारी धरून, पस्तीस वर्षांच्या नोकरीत, त्यांच्या सेवापुस्तकात, एकच वाईट शेरा आहे. 'ग्राहकास पूर्वसूचना न देता जोडणी खंडित केली, त्यामुळे गंभीर प्रसंग उद्भवला. निष्काळजीपणा.' सहा वर्षं झाली त्याला. आज साडेपाच वाजता हा माणूस सेवेतून मोकळा होईल, पुस्तक बंद होईल, आणि तो शेरा कायमचा त्यांच्या नावाला चिकटेल. तो शेरा खोटा आहे, आणि तो माझ्या खोट्या बोलण्यावरून पडला आहे. आत्ता पावणेचार वाजलेत.

मागच्या रांगांत कुजबुज सुरू झाली. मला कल्पना होती. बजरंगराव, माझ्याकडे असं बघू नका, मला आज बोलू द्या.

आमची ओळख त्र्याण्णवच्या भूकंपातली. मी तेव्हा एकतीस वर्षांचा, कॉलेजवर नवा लेक्चरर. हे टेलिफोन खात्यात रोजंदारीवर होते, औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरचे, खांबावर चढायला तरबेज. किल्लारीच्या बाजूला एका गावाबाहेर छावणी उभी राहत होती आणि दत्तोपंत काकांनी यांना वायरचं भेंडोळं देऊन जीपनं धाडलं होतं, 'काय वाट्टेल ते कर, पण तिथं फोन लागला पाहिजे' म्हणून. काका, आठवतंय ना? काका मान हलवताहेत. यांनी उभे राहिलेले खांब शोधले, जिथं खांब नव्हते तिथं लिंबाच्या, बाभळीच्या झाडांवरून वायर ओढली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तंबूत एक काळा फोन वाजला. आम्ही कॉलेजची दहा-बारा जणं मदतीला गेलो होतो. माझं अक्षर बरं आणि आवाज खणखणीत, म्हणून मला त्या फोनपाशी बसवलं. वाचलेल्यांची एक यादी, गेलेल्यांची एक यादी. पुण्या-मुंबईहून, सोलापूरहून फोन यायचे. 'आमच्या घरचं कोण हाय का बघा की हो.' यादीत बघायचं आणि सांगायचं.

पहिल्या यादीत नाव असलं तर सांगायला काय लागतं? दुसऱ्या यादीत असलं की माझं तोंड उघडायचं नाही. एकदा पलीकडे एक मनुष्य होता, त्याच्या घरची पाच नावं मी ओळीनं बघत होतो, पाचही दुसऱ्या यादीत. मी नुसताच 'हॅलो, हॅलो' करत राहिलो. यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "दादा, भेटल ती गाडी धरून या. संग कुणाला तरी आणा. एकटे येऊ नगा. मी इथंच हाय, बजरंग म्हणून इचारा." तो माणूस आला, आणि दोन दिवस हे त्याच्याबरोबर होते. मी काय पाहिलंय तेवढंच सांगतोय, यात माझ्या पदरचं काही नाही.

त्या छावणीत लाईट नव्हती. चार-पाच दिवस नव्हती. पण फोन मात्र चालू. मी यांना विचारलं, लाईट नसताना हे कसं काय? ते म्हणाले, "सर, तांब्याला इथली लाईट लागत न्हाई. तिकडं एक्स्चेंजात बॅटऱ्या हायत, तिथूनच करंट येतो तारंतून. गाव सगळं आंधारात गेलं तरी ही तार जित्ती राहती." म्हणजे फिजिक्सचा मास्तर मी, आणि शिकवलं यांनी.

ही गोष्ट पुढं मी किती वेळा सांगितली असेल! क्लास मोठा झाला, हॉस्टेल झालं, चार मजली. दर जूनमध्ये नवी मुलं यायची, त्यांचे आई-बाप यायचे. कुणी उदगीरचे, कुणी भोकरचे, कुणी पार आदिलाबादकडचे. मुलगी पहिल्यांदा घराबाहेर ठेवायची म्हणून आया पदर तोंडाला लावून उभ्या. मी माईक घ्यायचो आणि भूकंपातला तो फोन सांगायचो. आणि शेवटी म्हणायचो, 'आपल्या लिफ्टमध्ये तसाच फोन आहे. लाईट जाऊ द्या, काहीही होऊ द्या, बटण दाबलं की पलीकडून माणूस बोलतो. तुमच्या लेकीची काळजी करू नका.' टाळ्या पडायच्या. आयांच्या तोंडावरचे पदर खाली यायचे.

आता दोन हजार एकोणीसकडे येतो.

फायबरच्या विरोधात मी बोलतोय असं कुणी समजू नये, मॅडम तर नाहीच नाही. त्या वर्षी आम्हाला फायबर घेणं भागच होतं. परीक्षांचा सराव संगणकावर सुरू झाला होता, लातूरचं लेक्चर देगलूरच्या आणि उदगीरच्या शाखेत त्याच वेळी दाखवायचं होतं. जुन्या तांब्याच्या लाईनवर चित्र अडकायचं, मी फळ्यावर सूत्र लिहिलं की देगलूरच्या मुलांना नुसता माझा उघडा जबडा दिसायचा. मुलं हसायची. एका खासगी कंपनीचं फायबर आलं आणि सगळं सुरळीत झालं. आमच्यासारखेच दवाखाने, कापडवाले, डाळ मिलवाले, सगळेच तेव्हा तांबं सोडून फायबरवर जात होते. त्यात चूक काहीच नव्हती.

चूक माझ्या हौशीत होती. लातुरात क्लासवाल्यांची चढाओढ तुम्हाला ठाऊक आहे. समोरच्यानं एसी लावला की आम्ही एसी लावायचा, त्यानं बस घेतली की आम्ही दोन घ्यायच्या. मी ठरवलं, आपण 'लातूरमधला पहिला शंभर टक्के फायबर कॅम्पस' म्हणायचं. चौकात वीस फुटी फ्लेक्स लावला. काम पूर्ण व्हायच्या आधीच लावला, काय घाई होती कुणास ठाऊक.

आमच्या चौदा जुन्या लाईनी होत्या. त्या बंद करायला खात्यातून बजरंगराव आले. यांची एक पद्धत आहे, इथं बसलेल्या त्यांच्या सहकाऱ्यांना माहीत असेल. कुठलीही लाईन तोडायच्या आधी हे त्या फोनपाशी स्वतः जातात, उचलून कानाला लावतात, तो फोन कुणाच्या कामाचा आहे ते विचारतात, मग कार्बन ठेवून चिठ्ठी लिहितात आणि मालकाची सही घेतात. खात्याचा असा नियम नाही. कुणी यांना तसं सांगितलेलंही नाही. तोडलेली लाईन परत जोडता येते, पण त्या मधल्या वेळात कुणाचं काय अडेल सांगता येत नाही, असं यांचं म्हणणं. दोन दिवस हा माणूस आमच्या इमारतींतून खालीवर करत होता आणि मला वाटत होतं, किती वेळ घालवतोय.

दुसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन आले. मी स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो, आजूबाजूला आठ-दहा शिक्षक. तेरा लाईनींपुढं लिहिलं होतं, 'बंद करावी.' चौदाव्यापुढं लिहिलं होतं, 'हॉस्टेलची लिफ्ट. ही ठेवावी. लाईट गेल्यावर फायबर बोलत नाही.'

मी म्हणालो, "अहो बिराजदार, लिफ्टचा फोन पण फायबरवर घेतलाय की. कालच चालू करून दाखवला त्यांनी."

"चालू हाय, सर. पण त्यांचा डबा खालच्या खोलीत भिंतीतल्या प्लगवर हाय. लाईट गेली की डबा बंद, डबा बंद की फोन बंद. अन् लाईट गेल्यावरच तर लिफ्ट अडकती ना. ही एक लाईन राहू द्या. तुमचं काय जातंय?"

माझं काय जात होतं? माझे शंभर टक्के जात होते. फ्लेक्स लागला होता ना!

माझ्या हातात लाल पेन होतं. वर्षानुवर्षांची सवय. मी त्या चौदाव्या ओळीवर काट मारली, शेजारी 'अनावश्यक' लिहिलं, खाली सही केली. आणि एवढ्यावर थांबलो नाही. कोपऱ्यात मार्क दिले. दहापैकी चार. चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी धरून म्हणालो, "बिराजदार, नापास झाले बरं का तुम्ही." सगळी स्टाफरूम हसली. तेही हसले. कार्बन कॉपी घडी करून खिशात ठेवली आणि गेले. ज्यांनी मला तांब्याचं विज्ञान शिकवलं, त्यांना मी तांब्याच्या विषयात नापास केलं. आणि काय केलं हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. त्यांचं बरोबर आहे हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. त्यामुळं मला जास्त लाज वाटते.

लाईन तोडायच्या दिवशी ते पुन्हा माझ्या केबिनमध्ये आले. "सर, एकडाव आजून इचारून राहिलो. ती लिफ्टची..." मी मान वर न करता म्हणालो, "शंभर म्हणजे शंभर."

मे महिन्याचा पहिला पंधरवडा. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा दिवस, रविवार. दुपारी दोनचा पेपर, दीड वाजता केंद्राचं गेट बंद. तिथं गेट म्हणजे गेट, एक मिनिट उशीर झाला तरी उघडत नाही, हे सगळ्या आई-बापांना पाठ असतं. साडेअकरापासून आमच्या बस हॉस्टेलवरून सुटत होत्या. भोकरची एक मुलगी होती, सृष्टी. फार हुशार होती असं आता म्हणायची पद्धत आहे, पण ती खरोखरच पहिल्या पंचवीसातली होती. बसमध्ये चढताना तिच्या लक्षात आलं की परीक्षेला न्यायचा फोटो वर खोलीत राहिला. मैत्रिणीला म्हणाली, तुम्ही व्हा पुढं, मी दुसऱ्या बसनं येते. चौथ्या मजल्यावर गेली, फोटो घेतला, लिफ्टमध्ये शिरली, आणि बारा वाजता लाईट गेली.

दुसऱ्या बसवाल्यांना वाटलं ती पहिल्या बसमध्ये गेली. वॉचमन मुलांबरोबर केंद्रावर गेलेला. हॉस्टेल रिकामं. मोबाईल आम्ही मुलांना ठेवूच देत नव्हतो, तोही माझाच नियम, शिस्तीचा. जनरेटर क्लासच्या इमारतीला, हॉस्टेलला नाही. राहिला तो लिफ्टमधला फोन.

सव्वादोनला मेसमधल्या नीलाबाई भांडी घासून गच्चीवरचे वाळलेले कपडे काढायला निघाल्या, त्यांना ठोकल्याचा आवाज आला. माणसं बोलावून दार उघडलं. मुलगी खाली बसलेली, कपडे घामानं भिजलेले, हातात फोटो. तिनं पहिलं विचारलं, "मावशी, किती वाजले?"

मी हे सांगताना तुमच्याकडे बघू शकत नाही, माफ करा. पाणी घेतो जरा.

संध्याकाळी तिचे वडील आले, शंकरप्पा. भोकरजवळ शेती करतात. त्यांच्याबरोबर चार माणसं, बाहेर दोन वार्ताहर. माझ्या केबिनमध्ये उभं राहून ते म्हणाले, "सर, तुम्ही माईकवर म्हणला होता की, लाईट गेली तरी फोन लागतो म्हणून. मग का लागला न्हाई?" मला एक क्षण होता. एक क्षण फार असतो हो, खरं बोलायला. मी म्हणालो, "टेलिफोनच्या माणसानं आम्हाला न विचारता ती लाईन तोडली."

तोंडातून निघून गेलं असं म्हणायची सोय नाही मला. दुसऱ्या दिवशी तेच मी लेटरहेडवर टाईप करून घेतलं, खात्याला तक्रार म्हणून पाठवलं. टेबलाच्या खणात ती चिठ्ठी होती, लाल काट मारलेली. ती मी फाडली. बारीक बारीक तुकडे केले, वर्गात कॉपी सापडली की मुलं करतात ना, तसे.

त्याच दिवशी शंकरप्पा टेलिफोन ऑफिसात गेले आणि पन्नास माणसांदेखत यांच्या कॉलरला हात घातला. हे हात जोडून उभे राहिले. मला हे तासाभरात कळलं. मी काय केलं? दार लावून घेतलं आणि वर्तमानपत्रासाठी खुलासा लिहीत बसलो.

चौकशी झाली. यांना विचारलं, पूर्वसूचना दिली होती का? हे म्हणाले, "हाव, दिली होती." पुरावा आहे का? गप्प बसले. शेरा पडला, देगलूरला बदली झाली. वहिनी लातुरात, हे तिकडं खोली करून, स्वतःच्या हातानं भाकरी थापून. आमचा त्या वर्षीचा निकाल मात्र विक्रमी लागला. चौकात नवा फ्लेक्स लागला, मुलांचे फोटो, मधोमध माझा. सृष्टीला पुन्हा एक वर्ष बसवा, फी वगैरे काही नको, असं मी निरोप्याकडून कळवलं. शंकरप्पांचं उत्तर आलं, लेकीला आता लातूरला पाठवणार नाही. ती शिकली, आज भोकरला एका शाळेत विज्ञान शिकवते. चांगली शिकवते, मी चौकशी केली. पण तिला डॉक्टर व्हायचं होतं.

पुढं खात्यात बऱ्याच जणांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. यांनी घेतली नाही. 'बजरंगला नोकरीची हाव', असं काही जण म्हणाले, त्यातले एक-दोन इथं बसलेले असतील. का घेतली नाही, ते मला पंधरा दिवसांपूर्वी कळलं.

पंधरा दिवसांपूर्वी हे लातूरला माझ्या घरी आले. निमंत्रणपत्रिका घेऊन. म्हणाले, "सर, दोन शब्द तुम्ही बोला माझ्या निरोपाला." मला वाटलं, उपरोधानं म्हणताहेत. चेहऱ्याकडे पाहिलं, तसं काही नव्हतं. "मीच का?" "मंग? भूकंपापासून वळखता की मला." चहा झाला, मुलांबाळांचं विचारून झालं. ते चपला घालत होते, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. विचारलं, "ती कार्बन कॉपी..."

"हाय की. ट्रंकेत हाय."

"मग चौकशीत का नाही दाखवली?"

ते एका पायात चप्पल घालून तसेच उभे राहिले. म्हणाले, "दाखवली असती तर तुमचा क्लास बसला असता, सर. चार हजार लेकरं होती. अन् मला वाटलं तुम्ही सोताच सांगाल. आधी वाटलं, ह्या आठवड्यात सांगतील. मंग वाटलं, निकाल लागू द्या, मंग सांगतील. वाट बघून राहिलो. अन् मधीच नोकरी सोडली असती तर तुम्ही सांगून तरी काय उपेग? पुस्तक बंद झालं असतं. ते असू द्या आता. पत्रिकेत तुमचं नाव बरोबर छापलंय का तेवढं बघा."

आणि गेले. सहा वर्षं हा माणूस माझ्यावर विश्वास ठेवून देगलूरला बसला होता. माझ्यावर! जगात दुसऱ्या कुणी एवढा विश्वास ठेवलेला मला आठवत नाही, आणि ठेवायला दुसरं कुणी एवढं नालायक भेटलं नसतं.

गेल्या आठवड्यात मी भोकरला गेलो. एकटा गेलो. शंकरप्पांच्या ओसरीवर बसून दोघांना सगळं सांगितलं, आज तुम्हाला सांगितलं तसंच. सृष्टी म्हणाली, "सर, मी ते बटण सोडलंच नव्हतं. तुम्ही म्हणाला होता ना, माणूस बोलतो म्हणून. मला वाटायचं, आता बोलेल, आता बोलेल." दोन तास, मित्रहो. फिजिक्सच्या मास्तराच्या शब्दावर.

शंकरप्पांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "मग मी कुणाच्या कॉलरीला हात घातला, सर?"

दोघंही आज इथं आले आहेत. मी बोलावलं नव्हतं, तसं तोंड नव्हतं मला. सातव्या ओळीत बसलेत. माझ्यासाठी ते आलेले नाहीत, हे मला माहीत आहे.

मॅडम, हे माझं निवेदन. दोन प्रती आहेत, एकीवर पोच द्या. मी केलेली तक्रार खोटी होती, बिराजदारांनी मला लेखी सांगितलं होतं, ती ओळ मी स्वतः खोडली आणि मूळ चिठ्ठी मी फाडली, असं स्पष्ट लिहिलं आहे. आपण मला फोनवर म्हणालात की सेवेत असेपर्यंत शेऱ्याचा फेरविचार करता येतो, नंतर फार अवघड. म्हणून हात जोडून विनंती, हार-तुरे होत राहतील, आपण आधी हे बघावं. माझ्या क्लासचं काय व्हायचं ते होईल. उद्याच्या पेपरात येईल, काही पालक मुलं काढून नेतील. न्यावीत. मी त्यांना अडवणार नाही. लिफ्टमध्ये तांब्याची लाईन आता मिळत नाही म्हणतात, म्हणून तिथं बॅटरी बसवली आहे. सहा वर्षांपूर्वी एका दुपारचं काम होतं ते.

नको, बजरंगराव, उठू नका. हात तर मुळीच जोडू नका. बसा. वहिनी, त्यांना बसवा जरा.

टाळ्याही नकोत कृपा करून. खरं बोलल्याबद्दल टाळ्या मिळाल्या तर मी उद्यापासून पुन्हा शिल्पकार व्हायचो, माझा काही भरवसा नाही.

वेळ मी ठरल्यापेक्षा जास्त घेतला. आयोजकांनी मधे चिठ्ठी पाठवली नाही, त्यांचे आभार. अध्यक्ष मॅडमनी आणि दत्तोपंत काकांनी एवढं ऐकून घेतलं, त्यांचे आभार. बोलण्यात कुठं शब्द कमी-जास्त झाला असेल, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तेवढं आपण मोठ्या मनानं पदरात घ्यावं. बाकीच्याची माफी मी आज मागणार नाही. ती ज्यांची मागायची ती तिन्ही माणसं या सभागृहात बसली आहेत, आणि तिन्ही भली आहेत. पाचशे लोकांदेखत भल्या माणसाची माफी मागितली की त्याला ती द्यावीच लागते. तसं त्यांना मी कोंडीत पकडणार नाही. त्यांना द्यावीशी वाटली तर कधीतरी देतील, नाही वाटली तर तेही बरोबर आहे.

फक्त शंकरप्पांनी त्या संध्याकाळी जो प्रश्न विचारला होता, फोन का लागला नाही, त्याचं उत्तर द्यायचं राहिलंय. ते तेव्हाच, माझ्या केबिनमध्ये, एका दमात देता आलं असतं. आज या माईकवर देतो, म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल.

शंकरप्पा, बजरंग बिराजदारांनी मला सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

नमस्कार.